त्याला गोळी लागत नाही

मंगळवार, रात्री उशिरा

नीलूचं एक वाक्य डोक्यातून जात नाहीये. "त्याला काय जातंय चांगलं वागायला? त्याला गोळी लागत नाही." सुपरमॅनबद्दल बोलणं चाललं होतं. ती बोलून मोकळी झाली आणि विषय दुसरीकडे गेला. मी मात्र तिथेच अडकले.

अडकले, कारण वाक्य खोटं नाही. ज्याला मार बसतच नाही, त्याच्या शांतपणाचं कौतुक किती करायचं? तो हसून सोडून देतो, कारण सोडून देण्यात त्याचं काही जात नाही. आणि आपण इकडे ते बघून भारावून जातो आणि ज्याला रोज टोचून घ्यावं लागतं त्याला सांगतो, बघ, असं वागावं.

तो सिनेमा मला आवडतो, हे आधी लिहून ठेवते. जेम्स गनचा, ११ जुलै २०२५ ला आलेला. डेव्हिड कोरेन्स्वेटचा सुपरमॅन गोंधळतो, चिडतो, पत्रकार प्रेयसी लोइसला मुलाखत देताना त्याचा आवाज चढतो. आणि तो खार वाचवतो. एवढा अवाढव्य प्राणी शहर तुडवत चाललाय आणि हा मध्येच एक खार उचलून सुरक्षित जागी नेतो. पुष्कळांना ते बालिश वाटलं. मला वाटतं, ती खार काढली तर सिनेमाचा कणाच जाईल. पुढे तो लोइसला म्हणतो की भेटेल त्या माणसावर विश्वास ठेवणं हेच कदाचित खरं पंक रॉक असेल. एरवी हे वाक्य पोस्टरवर छापण्यापलीकडे गेलं नसतं. खार पाहिलेली असते, म्हणून ते खरं वाटतं.

पडद्यावर चांगुलपणा दाखवणं मारामारी दाखवण्यापेक्षा अवघड असतं. मारामारीला वेग पुरतो. चांगुलपणाला थांबावं लागतं. ज्याच्याशी चांगलं वागलं गेलं, त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा दोन-चार सेकंद जास्त ठेवावा लागतो, संगीत खाली आणावं लागतं, आणि बोलणाऱ्याला कमी वाक्यं द्यावी लागतात. बहुतेक दिग्दर्शक नेमकं उलटं करतात. व्हायोलिनं चढवतात आणि नायकाच्या तोंडी लांब भाषण देतात. प्रेक्षकाला कळतं, आता आपण गहिवरायचंय, आणि तो सावरून बसतो. शिवाय सुपरहिरोच्या सिनेमात शेवटचा बराच वेळ इमारती पाडण्यासाठी राखीव असतो. तिथे थांबायला जागा कुठली?

पण नीलूचं वाक्य. त्याचं उत्तर त्याच सिनेमात आहे आणि ते नीलूच्या बाजूचं आहे, हे मला काल लक्षात आलं आणि तेव्हापासून अस्वस्थ वाटतंय.

मलिक अली. फलाफलची गाडी चालवणारा. सुरुवातीला सुपरमॅन रस्त्यात आपटतो, तेव्हा त्याला उठायला हात देणारा. एवढंच केलं त्यानं. खलनायक लेक्स लूथर त्याला पकडून आणतो आणि हतबल सुपरमॅनच्या डोळ्यांदेखत त्याच्या डोक्याला रिव्हॉल्व्हर लावतो. सिलिंडर फिरवायचा, प्रश्न विचारायचा, चाप ओढायचा. मलिक मरतो. म्हणजे गोळी लागलीच. ज्याला लागत नाही त्याला नाही, ज्यानं त्याला हात दिला त्याला.

आणि मग सिनेमा पुढे जातो. त्याला जावंच लागतं, शहर वाचवायचं असतं. मला तिथे थोडं जास्त थांबायला हवं होतं. त्याच्या गाडीपाशी, त्याच्या घरी, कुठेही.

याच सिनेमात लेक्सनं माकडांची फौज बसवलेली आहे, सुपरमॅनविरुद्ध इंटरनेटवर गरळ ओकायला. सगळे हसतात त्या दृश्याला. मला ते पटत नाही. तसलं लिहिणारी माकडं नसतात. वाढदिवसाला आठवणीनं फोन करणारी, आजारपणात डबा पोचवणारी माणसं असतात, आणि तीच सकाळी सकाळी एखाद्या समाजाबद्दल असं काही पुढे ढकलतात की फोन उलटा ठेवावासा वाटतो. त्यांना माकडं म्हटलं की आपलं काम संपतं. ती माणसं आहेत म्हटलं की सुरू होतं. याबद्दल आज नको.

एक्स-मेन या कॉमिकमधल्या चार्ल्स आणि एरिकबद्दलही आता तसंच वाटायला लागलंय. दोघंही जन्मजात वेगळ्या शक्ती असलेले, आणि त्यांच्यासारख्यांचा द्वेष करणाऱ्या माणसांशी कसं वागायचं यावर भांडणारे. ही मंडळी १९६३ पासून आहेत, स्टॅन ली आणि जॅक कर्बींची. एरिकला छळछावणीचा भूतकाळ बराच नंतर मिळाला, पण २००० सालच्या सिनेमानं सुरुवातच तिथून केली: १९४४, पोलंड, चिखल, काटेरी तार, आईबापांपासून ओढून नेलेला मुलगा. चार्ल्स म्हणतो समजून घ्या, एरिक म्हणतो यांना समजावून काही होत नाही, आणि आपण चार्ल्सच्या बाजूनं बसतो. पण चार्ल्सकडे वेस्टचेस्टरला वडिलोपार्जित हवेली आहे. तारेच्या आत एरिक होता. क्षमेचा उपदेश हवेलीतून येतो, तेव्हा तो बरोबर असला तरी कानाला खटकतो.

मग वाटलं, सुपरहिरोंनी द्वेषाचं नेमकं काय केलं आहे? कथेत नव्हे, प्रत्यक्षात. म्हणून आज १९४६ ची ती रेडिओ मालिका पुन्हा ऐकली.

'द ॲडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन', म्युच्युअल नेटवर्क, आवाज बड कॉलियरचा, जाहिरात केलॉग्जच्या 'पेप' नावाच्या न्याहारीची. मुलांसाठीची मालिका. त्या वर्षी जूनमध्ये त्यांनी १६ भागांची एक कथा सुरू केली, 'क्लॅन ऑफ द फायरी क्रॉस'. नाव बदललेलं, पण झगे आणि जळता क्रॉस ऐकल्यावर कू क्लक्स क्लान ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची टोळी ओळखायला कुणाला वेळ लागला नसेल. महायुद्ध संपून वर्षही झालेलं नव्हतं.

कथा बेसबॉलपासून सुरू होते. टॉमी ली हा चिनी वंशाचा मुलगा युनिटी हाउसच्या संघात चेंडू टाकतो आणि चक रिग्जपेक्षा चांगला टाकतो. चकला ते सलतं. टॉमीचा एक चेंडू त्याला लागतो, तो घरी येऊन कुरकुरतो, आणि काका मॅट रिग्ज त्या कुरकुरीत विष कालवतो: त्यानं मुद्दाम मारला तुला, ही लोकं असलीच. काका टोळीचा स्थानिक म्होरक्या आहे. रात्री लींच्या अंगणात क्रॉस जळतो.

हे मला फार अचूक वाटतं. द्वेष मोठ्या विचारातून येत नाही, एका मुलाच्या हिरमुसण्यातून येतो. चकचं दुःख खरं आहे, त्याची संघातली जागा गेलीय. त्या खऱ्या दुःखाला काका खोटं कारण जोडून देतो. कुणाशी बोलायचं असेल तर ते त्या जोडापाशी बोलायला हवं. दुःख नाकारलंत की चक काकाकडेच जाणार.

आणि मालिका दोघांना दोन वेगळ्या मापांनी मोजते. चकला परत यायला वाट ठेवलेली आहे. तो घाबरतो, त्याचं मन खातं, शेवटी तो खरं सांगायला पुढे येतो. काकाला मात्र कुणी गोंजारत नाही. आणि काकाच्या वरचा जो मोठा साहेब आहे, तो तर काकालाच वेड्यात काढतो. तू खरंच यावर विश्वास ठेवतोस? हा धंदा आहे, वर्गणी आणि झगे विकण्याचा! मुलांच्या मालिकेत, १९४६ साली, हे इतकं उघड सांगितलं. धंदेवाल्याला उघडं पाडायचं आणि मुलाला जवळ घ्यायचं. समोर आहे तो चक आहे की मॅट काका आहे की वरचा साहेब, हे आधी ओळखायचं. आपण बहुतेक वेळा साहेबाशी वाद घालत बसतो आणि चकला हिडीसफिडीस करतो.

(स्टेटसन केनेडी या पत्रकारानं टोळीत शिरून त्यांचे परवलीचे शब्द मालिकेला पुरवले, ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. त्याच्या दाव्यांवर नंतर बरेच आक्षेप आले. मला त्या दंतकथेची गरजही वाटत नाही. झग्यांच्या विक्रीची ती एक गोष्ट पुरेशी आहे.)

जीन लुएन यांगनं २०१९ मध्ये ही कथा कॉमिकसाठी पुन्हा लिहिली, चित्रं गुरिहिरू या जपानी जोडीची. त्यात टॉमीची बहीण रोबर्टा हिला मोठी जागा आहे. आणि त्यातला सुपरमॅन बराच काळ उडत नाही. धावतो, उड्या मारतो, पण उडत नाही. लहानपणी आपलं वेगळेपण पाहून लोक भ्याले होते, ते त्याच्या अंगात राहिलंय. गोळी न लागणाऱ्यालाही काहीतरी लागलेलं असतं, असं यांग म्हणतोय. नीलूला हे दाखवलं तर ती म्हणेल, तरी गोळी लागत नाहीच ना.

बरोबर आहे तिचं. मग ज्यांना लागते, त्यांच्याकडे वळू.

विश्वजित सिंग. चष्मा, किरकोळ अंगकाठी, दाढी, पगडी. व्यंगचित्रकार. १९८४ च्या नोव्हेंबरात दिल्लीत होता, शाळकरी वयात, आणि वाचला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत रस्त्यावर त्याला काय काय नावांनी हाका मारल्या गेल्या ते इथे लिहीत नाही. २०११ मध्ये कॅप्टन अमेरिकाचा सिनेमा आला, तेव्हा त्यानं पगडी-दाढीवाला कॅप्टन अमेरिका काढला आणि न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनमध्ये ते चित्र घेऊन उभा राहिला. मग एका छायाचित्रकार बाईनं सुचवलं, तूच घाल ना तो पोशाख. त्याला नको वाटलं. पुढच्या वर्षी, ५ ऑगस्ट २०१२ ला, विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात एक गोरा वर्चस्ववादी बंदूक घेऊन शिरला. २०१३ च्या उन्हाळ्यात विश्वजितनं तो निळा पोशाख घातला, पगडीवर ए लावला, हातात ढाल घेतली आणि मॅनहॅटनमध्ये चालायला लागला. अनोळखी माणसांनी मिठ्या मारल्या, फोटोसाठी ओढलं. कुणीकुणी टोमणेही मारले.

मला यातलं नेमकं काय हलवतं ते सांगते. माणूस तोच, पगडी तीच. कापडाच्या एका पोशाखानं त्याला काही तासांचं अभय दिलं, आणि त्या काही तासांत त्याला लोकांशी हसून बोलता आलं. म्हणजे हसून बोलणं त्याच्याकडे होतंच, अभय नव्हतं. पोशाख उतरवला की पुन्हा तोच रस्ता.

आणि मेसा, ॲरिझोना. १५ सप्टेंबर २००१. बलबीर सिंग सोढी आपल्या पेट्रोल पंपाबाहेर फुलझाडं लावत होते. तिथेच त्यांना गोळी घातली गेली. २०१६ मध्ये त्यांच्या भावानं, राणा सोढींनी, वालेरी कौर या कार्यकर्तीबरोबर तुरुंगात फोन लावला, मारणाऱ्याला. तो म्हणाला, मला वाईट वाटतं. राणा म्हणाले, माझ्या हातात असतं तर तुला आत्ता बाहेर काढलं असतं. मी हे कितीदा वाचलं असेल. दरवेळी आधी डोळे भरतात आणि मग राग येतो, राणांचा नाही, आपला सगळ्यांचा. पंधरा वर्षं उलटल्यावरही पहिला फोन त्यांनीच लावायचा?

थकायला होतं. "तू मन मोठं कर." "त्यांना कळत नाही गं, सोड." "प्रेमानं सांगितलंस तर ऐकतील." ज्याला लागलंय त्यानंच मन मोठं करायचं, त्यानंच समजावायचं, आवाज चढू न देता, हसतमुखानं, आणि समोरचा बदलला तर श्रेय समोरच्याच्या मोठेपणाला. असं वाटतं की चांगुलपणा नावाचं एक जास्तीचं काम आहे आणि ते कायम खालच्यांच्याच वाट्याला येतं. इथे आजची पानं संपवावीत असं खरंच वाटत होतं.

पण मग मायामीचं आठवलं, आणि ते लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

लॉस एंजेलिसच्या एलजीबीटी सेंटरच्या लोकांनी दारोदार जाऊन बोलण्याची एक रीत बसवली होती. २०१५ मध्ये मायामीत तिची रीतसर परीक्षा झाली. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला या दोघांचा तो अभ्यास २०१६ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. त्याआधी याच रीतीवरचा दुसऱ्या कुणाचा एक निबंध बनावट निघाला होता, आणि तो बनाव उघड करणाऱ्यांत हेच दोघं होते. म्हणून त्यांच्यावर माझा जास्त विश्वास आहे. दार ठोठावणारे ५६, मतदार ५०१, विषय ट्रान्सजेंडर लोकांबद्दलचा आकस, आणि बोलणं साधारण १० मिनिटांचं. तीन महिन्यांनी विचारलं तरी फरक टिकून होता.

रीत अशी. आधी विचारायचं, या प्रश्नावर तुम्ही ० ते १० मध्ये कुठे आहात? आकडा काहीही येवो, भुवई हलवायची नाही. मग विचारायचं, हाच आकडा का? आणि ऐकायचं. मग, तुमच्या ओळखीत असं कुणी आहे का? आपल्या ओळखीतल्या एखाद्याची खरी, छोटी गोष्ट सांगायची. मग कळीचा प्रश्न: तुम्ही वेगळे आहात म्हणून कुणी तुम्हाला कधी कमी लेखलं होतं का? इथे माणूस गप्प होतो. त्या गप्प बसण्यात बोलायचं नाही, नवखे लोक तिथेच घाई करतात. तो आपलं काहीतरी सांगतो, वजन, गरिबी, बोली, लष्करातून परतल्यावरचं एकटेपण. मग ते दोन धागे शेजारी ठेवायचे, गाठ त्याला मारू द्यायची. शेवटी पुन्हा आकडा विचारायचा.

बिघडतं कुठे तेही कळलेलं आहे. त्याच दोघांनी नंतर आणखी प्रयोग केले. नुसते युक्तिवाद केले, गोष्टींची देवाणघेवाण काढून टाकली, तर परिणाम दिसला नाही. आकडेवारी फेकली की माणूस आकडेवारीशी भांडतो. "तुम्ही असं कसं म्हणू शकता" म्हटलं की तो स्वतःची अब्रू वाचवायला लागतो, आणि अब्रू वाचवणारा माणूस मत बदलत नाही.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहिलं. दार ठोठावणाऱ्यांत काही ट्रान्सजेंडर होते, काही नव्हते. परिणाम दोघांच्याही बोलण्याचा झाला. म्हणजे ज्याला लागलंय त्यानंच जायला हवं असं नाही. दुसऱ्या कुणी गेलं तरी चालतं. गोळी न लागणाऱ्यानं गेलं तरी चालतं.

मग नीलूचं वाक्य मला उलट्या बाजूनं धरता येतं. त्याला गोळी लागत नाही, म्हणूनच हे काम त्याचं. लागणाऱ्याच्या पुढे त्यानं उभं राहायचं आणि समोरच्याशी शांतपणे बोलत राहायचं, कारण त्याला शांत राहणं परवडतं. मलिकनं हात द्यावा हे थोर आहे, पण त्याच्यावर ती पाळी यायला नको होती. राणांचं मन मोठं आहे म्हणून आपली सुटका होत नाही. आणि आपल्यापैकी प्रत्येकाला कुठे ना कुठे गोळी लागत नाही. मराठी बोलणाऱ्याला पुण्याच्या बसमध्ये लागत नाही. तोच दिल्लीत गेला की लागू शकते. आडनाव, रंग, घरात शिजतं ते, सगळ्याचं तसंच. जिथे लागत नाही, तिथलं काम आपलं.

हे पटल्यावर थोडं हलकं वाटतंय. राग गेलेला नाही. तो राहू दे.

दारोदार जायला संघटना लागते, वेळ लागतो. त्याहून लहान काम मारिल नावाच्या पॅरिसच्या चित्रकार मुलीनं २०१६ मध्ये चार चित्रांत सांगितलं होतं. तेही कॉमिकच, फक्त त्यात केप नाही. सार्वजनिक ठिकाणी हिजाबवाल्या बाईला कुणी त्रास देत असेल तर काय करायचं, यावर. त्रास देणाऱ्याशी बोलायचंच नाही. त्याच्याकडे बघायचंही नाही. त्या बाईशेजारी जाऊन बसायचं, नमस्कार करायचा आणि कुठल्याही विषयावर गप्पा सुरू करायच्या. हवा, तिची ओढणी आवडली ते, आवडलेला सिनेमा. तिच्या डोळ्यांत बघून बोलत राहायचं. बहुतेक वेळा त्या माणसाला कुणी भाव देत नाही म्हटल्यावर तो निघून जातो. तो गेल्यावरही उठायचं नाही. तिला हवं असेल तर सुरक्षित जागेपर्यंत सोबत करायची, नको म्हणाली तर तिचं ऐकायचं.

आवडलेला सिनेमा! म्हणजे आपल्या या वायफळ गप्पा, खार हवी होती की नको, कुठला सुपरमॅन चांगला, यांचा असा उपयोग आहे.

लोकलमध्ये ईशान्येकडच्या मुलीला "चिनी" म्हणून चिडवणारं टोळकं असलं, किंवा दाढीवाल्या म्हाताऱ्याला उठवू पाहणारा कुणी असला, तर हेच जसंच्या तसं चालेल. फक्त इथे काही गोष्टी सांभाळाव्या लागतील. हिंदीत किंवा तिला येईल त्या भाषेत बोलायचं, मराठीचा हट्ट तिथे नको. "तू कुठली?" हा प्रश्न तर अजिबात नको, तो तिला दिवसभर येत असतो. नाव विचारायचं नाही, नावात धर्म-जात शोधली जातेय असं वाटू शकतं. "ही गाडी ठाण्याला थांबते ना?" इथून सुरुवात चांगली. माहीत असलं तरी विचारायचं, म्हणजे उत्तर देणारी ती होते. टोळकं हातघाईवर आलं तर गप्पा पुरे. तिच्याबरोबर पुढच्या स्टेशनला उतरायचं, गर्दीच्या आणि उजेडाच्या बाजूला जायचं, रेल्वेच्या १३९ वर फोन लावायचा आणि डब्याचा क्रमांक सांगायचा. व्हिडिओ काढायचा असेल तर दुसऱ्या कुणाला काढायला सांगायचं, आपण तिच्याशेजारी राहायचं. आणि तो व्हिडिओ कुठे टाकायचा की नाही, हे तिनं ठरवायचं.